ठोका आणि ओरखडा

दशक्रिया आटोपून मंडळी रामकुंडावरून इंदिरानगरला परतली, तेव्हा मीना दारातच उभी होती. सासूबाईंना गोळीच्या गुंगीत एकटं सोडवेना, म्हणून ती घाटावर गेलीच नव्हती. दाराशी पायांवर पाणी घेता घेता तिच्या नवऱ्याने, संतोषने, नुसत्या नजरेने विचारलं. तिनेही मान हलवून सांगितलं, तसंच चालू आहे.

तसंच म्हणजे बोटं. आबा, म्हणजे तिचे सासरे सुभेदार पुंजा शेवाळे, ज्या संध्याकाळी दवाखान्यात वारले, त्या संध्याकाळपासून सगुणाबाईंच्या उजव्या हाताची बोटं थांबली नव्हती. पलंगाच्या लोखंडी दांडीवर, जेवणाच्या ताटावर, खुर्चीच्या हातावर, जिथे हात टेकेल तिथे. तर्जनीचा एक ठोका, मग नखाचा ओरखडा. टक, खर्र. टक टक टक टक. खर्र, खर्र, खर्र. जरा थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मीनाच्या डोक्यात तो ठेका इतका भिनला होता की कणीक मळतानाही तिचे हात त्याच चालीवर पडायचे.

डॉक्टर म्हणाले होते, धक्का आहे, वय आहे, झोप मिळाली की थांबेल. झोप मिळत होती. बोटं थांबत नव्हती. शेवटी मीना तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून बसायला लागली. "पुरे आता आई, पुरे," म्हणायची. मग सगुणाबाई डोळे उघडून तिच्याकडे अशा काही बघायच्या की मीनालाच नजर वळवावी लागायची.

बोलणं तर शक्यच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं, आणि तेव्हापासून सगुणाबाई गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेत होत्या. ते छिद्र आबा रोज सकाळी आपल्या हाताने साफ करायचे. जुन्या पांढऱ्या सदऱ्यांचे तुकडे कापून त्यांनी छिद्रावर बांधायचे रुमाल शिवले होते, चारी कडा दुमडून, बारीक टाक्यांचे. या दहा दिवसांत ते काम मीनाकडे आलं होतं. पहिल्या दिवशी तिला मध्येच उठून बाहेर जाऊन यावं लागलं. आणि तेव्हा तिच्या मनात आलं, या माणसाने सहा वर्षं हे केलं आणि एकदाही तोंड वाकडं केलेलं कुणी पाहिलं नाही.

आबा होते तोवर सगुणाबाईंचं अडलंही नाही कधी. त्या काही खुणावायच्या आतच आबा म्हणायचे, "तिला चहा नको, ताक दे." किंवा, "ती म्हणते, उज्वला वाळली." बायका म्हणायच्या, पन्नास वर्षांचा संसार, डोळ्यांतलं कळतं एकमेकांच्या. दोघं कायम हातात हात घालून बसलेली. मीनाला सुरुवातीला त्याचं हसू यायचं, नंतर थोडा हेवा वाटायचा.

आता तो दुसरा हात नव्हता.

*

जेवणं झाली, लांबचे पाहुणे गेले आणि हॉलमध्ये घरचीच माणसं उरली. संतोषचा धाकटा भाऊ ज्ञानेश याच क्षणाची वाट बघत होता.

"आईला मी उद्या घेऊन जातो," तो म्हणाला.

संतोष सोफ्यावर बसला होता. दोघा भावांची डोकी सकाळीच भादरलेली. त्यामुळे दोघेही एकमेकांकडे बघताना जरा बुजत होते.

"कुठे? कळवणला?"

"मंग? घर हाय तिचं तिथं."

"आणि रात्री छिद्रात कफ अडकला तर? नाशिकला येईपर्यंत दोन तास जातील, ज्ञानेश."

"सहा वर्षं आबानं तिथंच सांभाळली ना तिला?"

"आबांनी सांभाळली. तू नाही."

ज्ञानेशच्या कानशिलांवर रक्त चढलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. उज्वलाने कालच फोनवर सांगितलं होतं, तू बोल, मी तुझ्या बाजूने आहे. पण सकाळी आल्या आल्या ती आईच्या उशाशी बसली होती, आणि बाहेर आली ती डोळे पुसतच.

"दादाचं चुकीचं नाही रे," ती आता म्हणाली. "तिची अवस्था पाहिलीस का? ओळखतही नाही ती मला. नुसती बोटं वाजवते."

"कालपर्यंत तू माझ्याकडून होती."

"काल मी तिला पाहिलं नव्हतं."

संतोषला जोर आला. "मी सगळं ठरवलंय. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. चोवीस तास एक बाई ठेवू. मागची खोली रिकामी करून देऊ, म्हणजे तिला गडबडीचा त्रास नको."

"मागची खोली?" उज्वला एकदम ताठ झाली. "जिथे तुमची कपाटं आहेत ती? खिडकी तरी आहे का तिला?"

"उज्वला, मी आहे ना घरात," मीना म्हणाली.

"तुम्ही आहात वहिनी. दहा दिवस तुम्हीच केलंत, नाही म्हणत नाही मी. पण मागच्या खोलीत माणसाला ठेवतात, दादा, का सामान?"

ज्ञानेशला आबा आठवत होते. रजेवर गावी आले की पारावरून हाका यायच्या, फौजी, ये, लढाईचं सांग. आबा नुसता हात दाखवायचे आणि धुण्याची बादली उचलून आईमागून विहिरीवर जायचे. गाव हसायचं. एकदा पंधरा ऑगस्टला शाळेत भाषणाला बोलावलं, तर लढाई राहिली बाजूला, आबांनी पोरांना बुटाची नाडी सुटणार नाही अशी कशी बांधायची ते शिकवलं. वर्गातली पोरं ज्ञानेशला चिडवत राहिली. आपला बाप फौजेत नक्की काय करत होता, हे त्याला चाळीशी उलटली तरी माहीत नव्हतं. सिग्नलमध्ये होते, एवढंच.

"आबाला विचारायला पाहिजे होतं," तो पुटपुटला. "तिला काय पाहिजे ते त्यालाच कळायचं."

तेवढ्यात बेल वाजली.

*

दार वेदिकाने उघडलं. संतोषची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. बाहेर एक म्हातारा उभा होता. पांढरी टोपी, हातात काठी, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला.

"सुभेदार शेवाळ्यांचं घर हेच ना? मी जयराम दराडे. विंचूरचा. पुंजाच्या युनिटमधला." त्याला धाप लागली होती. "सकाळी देवळालीच्या कॅन्टीनला गेलो, तिथं कळलं. दहावा बी हुकला माझा."

संतोष उठून पुढे आला. आबांच्या तोंडी हे नाव त्याने ऐकलं होतं. "या काका, बसा."

"बसतो. आधी वहिनींना भेटू द्या."

"आई झोपेत आहे. आणि तशीही..." संतोषने वाक्य अर्धवट सोडलं.

"झोपू द्या. नुसतं दारातून बघतो अन् येतो."

वेदिका पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यामागे गेली. खोलीत पडदे ओढलेले होते. आजी कुशीवर, डोळे मिटलेले, उजवा हात पलंगाच्या दांडीवर. टक, खर्र. टक टक टक टक. खर्र, खर्र, खर्र.

जयराम दराडे उंबऱ्यातच थांबले. आधी वेदिकाला वाटलं, त्यांना भोवळ आली. तिने पेला खाली ठेवून त्यांचा दंड धरला. त्यांनी तिच्याकडे न बघताच हात वर केला.

"गप. सगळे गप ऱ्हावा."

मागून आलेली माणसं दारात थबकली. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं.

"हे हिला कुणी शिकवलं?"

"काय, काका?" संतोषने विचारलं. "ते धक्क्यामुळे होतंय. डॉक्टर म्हणाले..."

"पोरा, ती बोलती हाये."

सगळ्यांच्या नजरा त्या बोटांवर गेल्या.

"तारेची बोली ही. मोर्स. आम्ही सिग्नलवाले दुसरं काय करत व्हतो जन्मभर?" त्यांनी बोटाने दांडीकडे दाखवलं. "ठोका म्हंजी टिंब. ओरखडा म्हंजी रेघ. ऐका. टक, खर्र, हा ए. चार ठोके, एच. तीन ओरखडे, ओ." त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "अहो. ती 'अहो' म्हणती. नवऱ्याला हाक मारती हाये ती."

मीनाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ती भिंतीला टेकून खाली बसली. दहा दिवस, दिवसरात्र, त्या हाका तिने ऐकल्या होत्या. आणि तो हात तिने घट्ट धरून ठेवला होता.

जयराम पलंगाजवळ गेले. वाकून त्यांनी काठीच्या लोखंडी टोकाने दांडीवर वाजवायला सुरुवात केली. ठोका स्वच्छ पडत होता. वेदिकाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण आजीची बोटं थांबलेली तिने पाहिली. दहा दिवसांत पहिल्यांदा, आपणहून.

सगुणाबाईंनी डोळे उघडले. समोरच्या माणसाकडे बघत राहिल्या. मग कोपरावर रेटा देऊन उठायला लागल्या. वेदिकाने धावत जाऊन पाठीला उशी लावली. आणि बोटं दांडीवर सुटली. हा वेग कुणीच पाहिला नव्हता. ठोके आणि ओरखडे एकमेकांत मिसळून वाहायला लागले.

"हळू, वहिनी, हळू," जयराम म्हणाले. ते रडत होते आणि हसतही होते. "माझा कान म्हातारा झाला आता."

"काय म्हणतेय?" ज्ञानेश पुढे घुसला. "काका, काय म्हणती आई?"

"म्हणती, गोळी देऊ नका मला. गोळीनं झोप लागते अन् झोपेत ते बी दिसत नाहीत. मला जागं राहू द्या. मला रडू द्या."

*

पडदे कुणी उघडले ते कळलं नाही, पण खोलीत उन्हं आली. ज्ञानेश आणि उज्वला जमिनीवर बसले. संतोष मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभाच होता. त्याला बसताच येईना.

"पण आईला तर लिहिता-वाचता येत नाही," तो म्हणाला. "अंगठा उठवते ती."

जयरामांनी तो प्रश्न दांडीवर वाजवला नाही. सगुणाबाईंना कानाने सगळं ऐकू येतच होतं. त्यांनी उत्तर दिलं, आणि म्हातारा खदखदून हसला.

"म्हणती, हे इंग्रजी हाये? मला वाटलं, हे फौजेतलं मराठी."

उज्वलाला हसू फुटलं, आणि हसता हसता ती हुंदके द्यायला लागली.

"अक्षरं इंग्रजी, बोली आपली," जयराम म्हणाले. "पर मला त्याचं नवल नाय. मोर्स लय जणांना येतं. नवल ह्या ओरखड्याचं. सारी फौज लांब-आखूड वाजवती. ठोका अन् ओरखडा ही चाल फकस्त दोघांची. माझी अन् पुंजाची."

"म्हणजे?"

जयराम खुर्चीत बसले. उतरलेला खांदा त्यांनी हाताने चाचपला.

"एकाहत्तरची लढाई. जम्मूच्या पल्याड, सीमेला. मी बंकरात बिनतारी सेटवर व्हतो, पुंजा बाहेर तार जोडायला गेला व्हता. गोळा पडला अन् सगळं छप्पर माझ्या अंगावर आलं. माती, लाकूड, लोखंड. नाकातोंडात माती, आवाज निघंना. बाकीचे मागच्या खंदकात गेले. त्यांना वाटलं, दराडे संपला. वाटणारच. मी हातातल्या दगडानं तुळईवर वाजवलं. लोखंडाची तुळई व्हती, तिचं टोक बाहेर निघालं व्हतं. बाहेरून उत्तर आलं."

"आबा?" वेदिकाने विचारलं.

"तुझा आबा. नुसत्या ठोक्यानं लांब कोणतं अन् आखूड कोणतं कळंना. तवा त्यानंच काढलं, लांबासाठी दगड घासायचा. मंग आम्ही बोलायला लागलो. मला झोप येत व्हती, पोरी. रगत गेलं की अशी गोड झोप येती. अन् ह्यो मला झोपू देईना. एका हातानं माती उकरायचा, दुसऱ्यानं वाजवायचा. तुझ्या गावचा बाजार कोणत्या वारी? बैलांची नावं काय? आईच्या हातचं काय आवडतं? उत्तर दिलं नाय की परत तेच. वरून गोळे पडतच व्हते. मी वाजवलं, पुंजा, तू जा मागं. मरशील." त्यांनी वेदिकाकडे पाहिलं. "तो म्हणला, तू बोलतोस तवर मी कसा जाऊ."

जयरामांनी खांद्यावरचा हात काढून काठीवर ठेवला.

"उजाडायच्या आत त्यानं मला बाहेर काढला. कुदळ नव्हती का फावडं. दाही बोटांची नखं गेली व्हती त्याची."

ज्ञानेशने मान खाली घातली. आबांची नखं वेडीवाकडी, जाड, फुटकी होती. लहानपणी तो विचारायचा तेव्हा आबा म्हणायचे, शेतकऱ्याची नखं अशीच असतात. आणि त्याने ते खरं मानलं होतं. स्वतः शेतकरी झाल्यावर, स्वतःची नखं रोज बघत असूनसुद्धा.

"कधी बोलले नाहीत आबा," संतोष म्हणाला. "एका शब्दाने नाही."

दांडीवर टकटक झाली. जयरामांनी कान दिला.

"म्हणती, मला बोलले."

मग सगुणाबाई सांगत गेल्या आणि जयराम त्यांच्यामागून बोलत गेले. थोड्या वेळाने वेदिकाच्या ध्यानात आलं की तो राकट म्हातारा 'मी बसले होते', 'मी रडले' असं बायकी बोलतोय, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाहीये. जणू आजीलाच आवाज फुटला होता.

"लग्न झालं अन् महिन्यात ते गेले. पत्र यायचं. मला वाचता येईना. सासरे ते मास्तरांकडे द्यायचे, मास्तर ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. सारी आळी ऐकायची. त्यात माझ्यासाठी काय असणार? 'घरी सर्वांस नमस्कार.' मी त्या सर्वांत.

"रजेवर आले तरी घरात बारा माणसं. बोलायला जागा नाही. विहिरीवर धुणं न्यायचे तेवढंच. मग पोरं झाली, पेन्शन झाली, शेत, लग्नं. बोलायचं राहूनच गेलं. अन् आवाज गेला. मी लय रडले. म्हटलं, आता राहिलेलं कधीच बोलून होणार नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला अन् म्हणाले, सगुणा, मला एक बोली येते, तिला आवाज लागत नाही.

"मला सारखं चुकायचं. माझं डोकं कुठं चालतं? वर्ष गेलं. एकदा रागावले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसायचं अन् तळहातावर गिरवायचं. एक दिवस ते काहीतरी बोलले अन् मला आपसूक कळलं. अक्षर मोजावं लागलं नाही. त्या दिवशी दोघंही रडलो.

"मग आम्ही बोललो. सगळं. लढाईचं, माझ्या सासरवासाचं. तरुणपणी मला किती राग यायचा त्यांचा, ते पण सांगितलं. तुमच्यासमोर बसून बोलत होतो आम्ही. दिवाळीला, लग्नात, इथं या हॉलमध्ये. तुम्हाला हसलो पण."

"आम्हाला?" उज्वला म्हणाली.

"संतोष भाषण द्यायला लागला की ते हातावर विचारायचे, आता किती वेळ?"

सगळे हसले. संतोषही हसला. तो तिथेच चौकटीत खाली बसला. ज्या माणसाला आपण जन्मभर अबोल समजलो, तो पाच वर्षं सकाळपासून रात्रीपर्यंत बोलत होता. आपल्या देखत. आपल्याच सोफ्यावर बसून. आपण आईसाठी गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं होतं, तिने ते एकदा घरघरवलं आणि कपाटात टाकलं. म्हणून आपण महिनाभर रुसलो. आबा त्यावर एवढंच म्हणाले होते, राहू दे रे, होईल काहीतरी. आणि त्याच वेळी त्यांनी एका निरक्षर, सत्तरीकडे झुकलेल्या बाईला अख्खी एक भाषा शिकवली होती.

"पण आम्हाला का नाही सांगितलंत, आई?" मीनाने विचारलं. ती अजून भिंतीशीच बसली होती.

सगुणाबाईंनी मीनाकडे बघत दांडीवर बोटं वाजवली.

"आमचं दोघांचं असं कधी काही नव्हतंच," जयरामांनी हळू आवाजात सांगितलं. "एवढं एक ठेवलं. चुकलं असेल."

"नाही," मीना म्हणाली. "नाही चुकलं."

*

सगुणाबाईंना सगळ्यांचे चेहरे एकदम दिसत होते. गोळीचा जडपणा अजून पापण्यांवर होता, पण आत काहीतरी मोकळं झालं होतं. दहा दिवस त्या हाक मारत होत्या. उत्तर येणार नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. दवाखान्यात त्यांनी आबांच्या तळहातावर विचारलं होतं, आणि तो हात तसाच पडून राहिला होता. तरी हाक मारायची थांबवली नव्हती. थांबवली की बोली गेली, आणि बोलीबरोबर तेही गेले, असं वाटत होतं.

"आई," ज्ञानेश म्हणाला, "मघाशी आम्ही भांडत होतो. तुला कुठं ठेवायचं त्यावर. आता तूच सांग."

त्यांनी सांगितलं. जयरामभाऊ बोलले.

"मी कळवणला राहीन. माझं घर तिथं आहे."

"पण आई, ते छिद्र," संतोष म्हणाला. "रोज कोण साफ करणार?"

"मला माझं करता येतं. ऑपरेशनवाल्यांनीच शिकवलं होतं. त्यांना करायला आवडायचं, म्हणून मी करू देत होते."

संतोषने आईच्या गळ्यातल्या रुमालाच्या बारीक टाक्यांकडे पाहिलं.

"पण उद्या नाही जायची मी," जयरामभाऊंनी पुढचं सांगितलं. "आधी माझी बोली या घरात कुणाला तरी यायला पाहिजे. जयरामभाऊ काय रोज विंचूरहून येणार आहेत?"

"येईन की," जयरामभाऊ स्वतःच्या आवाजात म्हणाले. "दर आठवड्याला येईन. मला बी आता दुसरं कोण हाये ही बोली बोलायला?"

"मी राहतो इथं," ज्ञानेश म्हणाला. "शेजारचे बघतील शेताकडं. चालंल ना, दादा?"

"विचारतोस काय?" संतोष म्हणाला. "तुझं घर नाही का हे?"

वेदिकाने मोबाईलवर कधीच ती अक्षरं शोधून काढली होती. उज्वला तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठोके देत होती. ठोक्याच्या जागी ओरखडा, ओरखड्याच्या जागी ठोका. सगळं चुकत होतं. सगुणाबाईंना आपलं पहिलं वर्ष आठवलं.

संतोष उठून पलंगाशी आला. घरातला थोरला. नोकरी, घर, दवाखाने, सगळं अंगावर घेणारा. दहा दिवसांत त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं. तो जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि काय करावं ते न समजून त्याने हात पुढे केला, तळवा वर करून, लहानपणी खाऊ मागायला करायचा तसा.

सगुणाबाईंनी तो हात आपल्या मांडीवर घेतला. आबांच्या हातापेक्षा मऊ होता. पण रुंदी तीच. त्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. सकाळी भादरलेलं, ऊन पडून चकाकणारं. कपाळाच्या वर उजवीकडे तसाच उंचवटा. फौजेत भरती होऊन ते पहिल्या रजेवर आले, तेव्हा असंच डोकं घेऊन दारात उभे होते, आणि पदराआडून पाहताना त्यांना हसू आवरेना. हे त्यांनी आबांना सांगितलं होतं. या पोरांतल्या कुणाला कधीच नाही.

त्यांनी बोट टेकलं आणि संतोषच्या तळहातावर सांगितलं, तू आज अगदी त्यांच्यासारखा दिसतोस.

संतोष श्वास रोखून बसला होता. बोट थांबलं तसं त्याने वळून पाहिलं.

"काका, काय म्हणाली?"

जयरामभाऊंना त्यांच्या जागेवरून सगळं दिसलं होतं. त्यांनी काठीवर भार देत मान हलवली.

"ते तुला सांगितलंय. मला नाय. शिक, म्हंजी कळंल."

संतोषच्या ओठांचे कोपरे लहान मुलासारखे थरथरले, आणि मग ते दहा दिवसांचं पाणी खळकन आलं. त्याने हात मागे घेतला नाही. सगुणाबाईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं, तळहातावर पडलेले थेंबही पुसले, आणि कोरड्या जागेवर पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी अगदी सावकाश.